लुंबिनीचा चौथा रस्ता

रविवारी सकाळी समीक्षाने अंगणातल्या फरशीवर खडूने भारताचा वरचा अर्धा भाग काढला. त्याच्या डोक्यावर आडव्या विटेसारखा नेपाळ काढला. बालाघाटच्या ठिकाणी एक ठिपका दिला आणि कोणाच्या पायाने तो पुसला जाऊ नये म्हणून त्यावर स्वतःची चप्पल उपडी ठेवली.

"आता बोला," ती म्हणाली. "कौन कैसे जाएगा?"

प्रश्न आठ दिवसांपासून घरात फिरत होता. मागच्या शनिवारी नागपूरच्या डॉक्टरांनी रुख्माबाईंचे दोन्ही गुडघे बदलायला पाच डिसेंबर ही तारीख दिली होती. परत येताना रुख्माबाई गोंदियापर्यंत गुडघे चोळत होत्या. राजेगावच्या पुलावर बस चढली तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मले त्याच्या आधी लुंबिनीले जायचं हाय."

"ऑपरेशन झाल्यावर जाऊ ना. आरामात चालशील."

"नवे गुडघे कंपनीचे राहतीन. भगवान बुद्धाच्या जागी मी माह्या गुडघ्यानं जाईन."

नवरा, सुखराम नागदेवे, लगेच रस्त्याचा विचार करू लागले. एकतीस वर्षं त्यांनी बालाघाट-गोंदिया बसमध्ये कंडक्टरकी केली होती. त्यांच्या मते माणसाने कुठे जायचं हे ठरवलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं बस करते. पण लुंबिनी होती नेपाळात, आणि तिथे जाणारी बस बालाघाटच्या स्टँडवरून सुटत नव्हती.

"पहिले मी सांगतो," लोकेश म्हणाला. सुखरामचा हा मुलगा, समीक्षाचा बाप, खाणीच्या ऑफिसात होता आणि आठ दिवसांपासून मोबाइलवर विमानं पाहत होता. त्याने नकाशावर वाकून बोट ठेवलं. "नागपूर. इथून दिल्ली. दिल्लीहून काठमांडू. तिथून लहान विमान. आईले एक पाऊल जास्त टाकायचं काम नाही. विमानतळावर चाकाची खुर्ची भेटते."

"लुंबिनी कुठी हाय यात?" सुखरामने विचारलं.

समीक्षाने नेपाळच्या विटेच्या खालच्या कडेला, अगदी भारताला चिकटून, एक टिंब दिलं.

"म्हणजे इथं, उंबरठ्यावर हाय. आन् तू तिले छपरावर नेऊन मंग खाली उतरवतोस?"

पवन हसला. पवन म्हणजे सुखरामच्या धाकट्या भावाचा, चैतरामचा मुलगा. चैतराम वारून सहा वर्षं झाली होती. पवन आणि त्याची आई सीताबाई अंगणाच्या पलीकडच्या घरात राहत. त्याची जीप बैहर लाइनवर सवाऱ्या नेत असे, आणि त्याच्या मनात विमान आणि रेल्वे या दोन्ही चिल्लर गोष्टी होत्या.

"मोठे बाबा, अपनी गाडी कशाले हाय मग? सकाळी पाचले निघालो की जबलपूर, रिवा, इलाहाबाद, गोरखपूर. दुसऱ्या दिवशी सुनौली. बॉर्डरवर गाडीचं भन्सार भरलं, म्हणजे तिकडचा टॅक्स, की गाडी थेट मंदिराजवळ. मोठी आई मधल्या सीटवर पाय लांब करून बसंल."

"तुह्या गाडीच्या मधल्या सीटवर," लोकेश म्हणाला, "मागच्या महिन्यात बकरी होती."

"बकरीनं तक्रार नाई केली, भाऊ."

सुखरामने हात वर केला. बसमध्ये भांडण झालं की ते असाच हात वर करत, आणि एकतीस वर्षांत त्याचा कधी उपयोग झाला नव्हता. "रेल्वे," ते म्हणाले. "इथून जबलपूर. जबलपूरहून गोरखपूर. तिथून सुनौलीपर्यंत बस. सुनौलीले एक कमान हाय म्हणतात. कमानीच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. पायी जायचं."

"आबाजी, सीमा दिसते कशी?" समीक्षाने विचारलं. "लाइन रहती है क्या?"

सुखराम नकाशाजवळ उकिडवे बसले. "राजेगावचा पूल पाह्यला ना तू? खालून बाघ नदी वाहते. अलीकडे मध्यप्रदेश, पलीकडे महाराष्ट्र. नदीले मालूम हाय का ती सीमा हाय म्हणून?"

"नाही."

"मासोळीले?"

"नाही."

"मंग कोणाले मालूम हाय?"

समीक्षाने विचार केला. "पाटीले. पाटीवर लिहिलेलं असतं."

"बरोबर. सीमा म्हणजे दोन पाट्या आन् त्यांच्यामधी उभा असलेला एक माणूस. तो माणूस विचारते, तू कोण? आपल्याले सांगता आलं पाह्यजे. बस, एवढंच."

समोरच्या पडवीत सीताबाई सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, त्या सरळ बोलत नसत; पण ती रीत होती. जावेशी बोलत नसत, ते मात्र भांडण होतं. हे भांडण समीक्षापेक्षा एका वर्षाने मोठं होतं, आणि समीक्षाला दहा वर्षं झाली होती.

"समीक्षा," सीताबाई सुपाकडे पाहत म्हणाल्या, "विचार त्यांयले, जाणारे किती जण हायेत. का मोजणं अजून व्हायचं हाय?"

रुख्माबाई दारातल्या खुर्चीवर बसून गुडघ्याला तेल लावत होत्या. तेलाचा हात थांबला.

"सांग तुह्या लहान्या आजीले," त्या म्हणाल्या, "का ज्याले यायचं असंल त्यानं यावं. कोणाले मनाई नाई."

"लहानी आजी, मनाई नहीं है," समीक्षा म्हणाली.

"मी ऐकलं. मी बहिरी नाई. सांग तिले, का मले मागं सोडून जायचे लोक पुन्हा भेटले तर मले बसमधी बसायची भीती वाटते."

समीक्षा निरोप द्यायला वळली. दीपिकाने, तिच्या आईने, तिला खांद्याला धरून नकाशावर बसवलं.

हे प्रकरण असं होतं. अकरा वर्षांपूर्वी धम्मचक्र दिनाला वॉर्डातल्या लोकांची बस करून सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. जमवाजमव रुख्माबाईंची, बस सुखरामच्या ओळखीची. संध्याकाळी परत निघताना रुख्माबाईंनी माणसं मोजली, सुखरामने सवयीने दोनदा घंटी मारली आणि बस निघाली. बायका पुढे, पुरुष मागे बसले होते; राजेगावला लोक लघवीला उतरले तेव्हा चैतरामला कळलं की आपली बायको बसमध्ये नाही. सीताबाई तिसऱ्या दिवशी दुपारी एकट्या घरी आल्या. तोवर दोघा भावांची एकमेकांची गचांडी धरून झाली होती. त्या दिवसापासून सीताबाई रुख्माबाईंशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

*

दीपिका या घरातली एकच व्यक्ती होती जी वाद ऐकताना काम करत असे. ती ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानात बसत असल्याने तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माणसं रस्त्यावर अडत नाहीत, कागदावर अडतात.

तिने लुंबिनीला जाऊन आलेल्या ओळखीच्या एका बाईंना फोन लावला आणि पाच मिनिटांनी परत येऊन सांगितलं, "विमानाने जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड. आधार चालत नाही म्हणाल्या, आपल्या आईंच्या वयाला तरी. रस्त्याने गेलं तरी आजकाल कमानीपाशी कार्ड विचारतात. मतदान कार्ड सगळ्यात बरं. पासपोर्ट कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हता.

"मग मतदान कार्डं काढा. मामाजी, तुमचं?"

सुखरामचं कार्ड त्यांच्या पाकिटातच होतं. जुन्या बसच्या पासाच्या मागे.

"आई, तुमचं?"

रुख्माबाई उठल्या नाहीत. "माह्यं कार्ड जुनं हाय," त्या म्हणाल्या.

"जुनं चालतं."

"पेटीत तळाशी हाय."

"मी काढते."

"नको," रुख्माबाई इतक्या झटकन म्हणाल्या की लोकेशने मोबाइलवरून मान वर केली. मग त्या खुर्चीचे हात धरून उठल्या आणि आत गेल्या.

पेटीतल्या साड्यांखाली, एका पिशवीत, ते कार्ड होतं. रुख्माबाईंना ते हाताने शोधता येत होतं. पाहायची गरज नव्हती. तरी त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. नाव त्यांचं होतं. अक्षरं त्यांना उशिरा, समीक्षाच्या पहिलीच्या पुस्तकातून यायला लागली होती, पण एवढं नाव त्या आता वाचू शकत: रुख्मा सुखराम नागदेवे. नावाच्या बाजूला फोटो होता सीताचा. छत्तीस वर्षांची सीता, कानामागे चिखल, डोळे फोटोवाल्यावर वटारलेले.

पेटीपाशी उभं राहिलं की गुडघे दुखत. रुख्माबाई तरी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग कार्ड पदराखाली घेऊन बाहेर आल्या आणि सुनेच्या हातात दिलं.

दीपिकाने कार्ड पाहिलं. उलटं करून पाहिलं. मग अंगणापलीकडे पडवीत बसलेल्या सीताबाईंकडे पाहिलं.

"ही काकू आहेत," ती म्हणाली.

"हौ."

"आणि काकूंच्या कार्डावर?"

"माह्यं थोबाड हाय," रुख्माबाई म्हणाल्या. "रोवण्याचे, धान लावायचे दिवस होते. राजेगावच्या वावरात आमी दोघी चिखलात. शाळेत फोटोवाला आलता. दोघींच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधावर दगडाखाली ठेवल्या होत्या. रोवणा थांबवता येत नव्हता, म्हणून एक एक जण जाऊन आली. मी आधी गेली. हाताले जी चिठ्ठी लागली ती घेऊन गेली. वाचता कोणाले येत होतं?"

"आणि मतदान?"

"बूथवरचे गुरुजी दोघींले ओळखत. म्हणत, नाव हिचं, चेहरा तिचा, पण मत दोन, बाया दोन. जाऊ द्या."

"आई, पण हे नंतर बदलून घ्यायचं ना."

उत्तर सुखरामने दिलं, अगदी हळू आवाजात. "बदलाले दोघींनी संगं जा लागलं असतं, बेटा. आन् मंग ती नागपूरची बस झाली."

पवनने धावत जाऊन आईच्या पेटीतलं कार्ड आणलं. नाव सीता चैतराम नागदेवे. फोटोत रुख्माबाई हसत होत्या. दोन्ही कार्डं नकाशावर शेजारी शेजारी ठेवली गेली, नेमकी उत्तर प्रदेशावर.

लोकेशच्या डोक्यातून विमान अजून उतरलं नव्हतं. "सोपं आहे," तो म्हणाला. "तिकीट काकूच्या नावाने काढू. आईचा चेहरा आहे ना कार्डावर. विमानतळावर चेहरा पाहतात."

"म्हणजे माही बायको," सुखराम म्हणाले, "चैतरामची बायको म्हणून विमानात बसंल?"

"फक्त काठमांडूपर्यंत, बाबा."

"आन् मी बाजूच्या सीटवर कोण म्हणून बसू? भासरा?"

पवनला हसू आवरेना. तो अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन तोंड धुऊन आला. दीपिका मात्र हसली नाही. "दुसऱ्याच्या नावाने सीमा ओलांडायची नाही," ती म्हणाली. "मी अर्ज भरते, मला माहीत आहे. दुरुस्तीचा फॉर्म भरता येईल. पण नवीन कार्ड हातात यायला महिना तरी लागेल. कधी जास्त."

आजची तारीख नऊ नोव्हेंबर होती. समीक्षाने बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली. बाकीच्यांना मोजावं लागलं नाही.

"मग ऑपरेशन झाल्यावर," लोकेश म्हणाला. "उन्हाळ्यानंतर. आई, खरंच, तेव्हा तू जास्त…"

"हौ," रुख्माबाई म्हणाल्या. "तेव्हा पाहू."

आवाज अगदी साधा होता. सुखरामने इतक्या वर्षांच्या संसारात तो आवाज दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा त्या आवाजानंतर ती गोष्ट पुन्हा कधी निघाली नव्हती. ते काही बोलायला गेले, पण रुख्माबाईंनी वाकून नकाशावरची दोन्ही कार्डं उचलली आणि अंगण ओलांडायला सुरुवात केली.

अंगण पंधरा पावलांचं होतं. पाण्याच्या टाकीपर्यंत दोन्ही घरांची हद्द सारखी. चैतराम गेला ते दिवस सोडले तर त्यापुढे रुख्माबाई अकरा वर्षांत गेल्या नव्हत्या. पडवीला तीन पायऱ्या होत्या. पहिलीवर त्यांनी उजवा पाय ठेवला, मग डावा त्याच पायरीवर आणला, लहान मूल चढतं तसं. दुसरीवर थांबून श्वास घेतला. सीताबाईंचे हात सुपात थांबले होते. त्या मदतीला उठल्या नाहीत, पण सूप मात्र वाटेतून बाजूला सरकवलं.

*

सीताबाईंनी मनात बरंच काही तयार ठेवलं होतं. अकरा वर्षांत माणूस बरंच तयार करून ठेवतो. पण जाऊ समोर येऊन जमिनीवर न बसता खांबाला टेकली, आणि त्यांना एकदम जाणवलं की ही आता खाली बसू शकत नाही.

"पवन," त्या म्हणाल्या, "खुर्ची आण." खुर्ची आली. रुख्माबाई बसल्या.

"सीता," त्या म्हणाल्या, "मी निरोप पाठवून नाई राह्यली. तुह्या संगं बोलून राह्यली. हे कार्ड घे. तुह्या नावाचं तुह्यापाशी ठेव, माह्या नावाचं माह्यापाशी. मले जाणं होत नाई आता, तर होत नाई. पण मी एक सांगते. त्या दिवशी तुले मागं सोडलं ते माह्या मोजण्यानं. बेचाळीस चिंचोके घेऊन गेलती मी. एक माणूस चढलं का एक चिंचोका या पिशवीतला त्या पिशवीत. शेवटी एक चिंचोका हातात उरला. मी ह्यांले म्हटलं, एक कमी हाय. हे म्हणे, मी मोजले, बेचाळीस बरोबर हायेत, तुहा चिंचोकाच एक जास्त आला असंल. मी ऐकलं. मी ऐकाले नव्हतं पाह्यजे. बस. तेवढंच सांगायचं होतं."

सीताबाईंनी डाळीतला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"रात्रभर रडली असशील तू तिथं," रुख्माबाई म्हणाल्या. "अनोळखी गाव. मी त्यानंतर दीक्षाभूमीवर पाय नाई ठेवला. कोणत्या तोंडानं ठेवू?"

"बाई," सीताबाई म्हणाल्या. अकरा वर्षांनी जावेसाठी तो शब्द आला आणि त्यांनाच विचित्र वाटला. "मी नाई रडली."

"म्हणजे?"

"पहिले अर्धा घंटा रडली. मंग परभणीच्या बाया भेटल्या. त्या म्हणाल्या, आमच्या संगं चला. जेवण दिलं. भीमगीतांचा कार्यक्रम होता, अगदी समोर बसून ऐकला. मले कोणी उठ म्हटलं नाई, कोणी चहा मांड म्हटलं नाई. सकाळी उठली तर आंघोळीले गरम पाणी दुसऱ्यानं तापवलेलं होतं." त्या थोड्या थांबल्या. "दुसऱ्या दिवशी त्यांच्या संगं महाराजबागेत गेली. वाघ पाह्यला. जंगलाच्या जिल्ह्यात जनम गेला, पण वाघ म्या नागपूरले पाह्यला. झोपला होता."

"म्हणून तिसऱ्या दिवशी आलात," दीपिका हळूच म्हणाली. तिने कधीतरी हिशेब केला होता की बस दुसऱ्याच दिवशी मिळते.

"वापस आली तर घरी हा तमाशा. ह्यांनी दोन दिवस जेवण केलं नव्हतं. भावाभावांची मारामारी झालती. बाई, तुमी फाटकापाशी रडत उभ्या. सगळे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. तेव्हा मी काय सांगू, का मी वाघ पाहून आली?" सीताबाईंनी पदराने नाक पुसलं. "मंग मी रागावली. रागावली तर कोणी जास्त विचारलं नाई. आन् एकदा रागावलं का सोडाचं कवा, हे समजतच नाई."

रुख्माबाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग तो हळूहळू लाल झाला.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी संक्रांतीले तुह्या दारी तिळगूळ पाठवला, तू पोराच्या हातानं वापस केला. अकरा वर्षं मी रोज सकाळी नळावर तुले पाहून मान खाली घातली. आन् तू वाघ पाहून राह्यलीस?"

"झोपलेला होता, बाई."

"झोपलेला असू दे, नाईतर उभा असू दे."

सुखराम टाकीपाशी उभे राहून हे ऐकत होते. त्यांना वाटलं, वातावरण चांगलं आहे. दोघी जणी मन मोकळं करत आहेत, आणि आतापर्यंत कोणाला काही झालेलं नाही. बसमध्ये कोणी तिकिटाचे पैसे चुकवल्याचं कबूल केलं की मागचे दोघे-तिघेही कबूल करत. तो क्षण चुकवायचा नसतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

"आता खरं बोलणं चालूच हाय," ते म्हणाले, "तर माह्यंही एक हाय."

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"चिंचोका जास्त नव्हता. यादीत माह्यं नाव नव्हतं, म्हणून माह्या नावाचा चिंचोकाही नव्हता. कंडक्टरचं नाव यादीत राहत नाई ना. पण त्या दिवशी मी कंडक्टर नव्हतो, सवारी होतो. खिडकीपाशी बसलो होतो. मोजताना स्वतःले मोजून टाकलं. म्हणून बेचाळीस भरले."

"हे तुमाले कवा समजलं?" रुख्माबाईंनी विचारलं.

खोटं बोलावं असं सुखरामच्या मनात एक क्षण आलं. पण समीक्षा त्यांच्याकडे पाहत होती, आणि सकाळीच त्यांनी तिला सांगितलं होतं की तू कोण, हे सांगता आलं पाहिजे.

"राजेगावले," ते म्हणाले. "चैतराम ओरडला तेव्हाच."

पवन टाकीमागे जायला निघाला, पण या वेळी हसायला नाही. लोकेशने मोबाइल खिशात ठेवला.

"म्हणजे माह्यं मोजणं बरोबर होतं," रुख्माबाई म्हणाल्या.

"एकदम बरोबर."

"आन् तुमी मले अकरा वर्षं…"

"चैतरामनं माह्यी गचांडी धरली होती. त्या वेळी सांगितलं असतं तर तो…" सुखराम थांबले. भाऊ आता नव्हता, आणि त्याच्या नावामागे उभं राहणं त्यांनाच बरं वाटेना. "मी भ्यायलो," ते म्हणाले.

सीताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पदर न ओढता भासऱ्याकडे सरळ पाहिलं. मग जावेकडे वळल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमाले लुंबिनीले कवा जायचं हाय?"

"पाच तारखेच्या आधी."

"कोणाकोणाले नेऊन राह्यल्या?"

रुख्माबाईंनी अंगणात उभ्या असलेल्यांकडे पाहिलं. एक विमानवाला, एक जीपवाला, एक कंडक्टर. "कोणालेच नाई," त्या म्हणाल्या. "आपण दोघी जाऊ."

"आई, तुम्हा दोघींले गोरखपूर मालूम तरी आहे का?" लोकेश म्हणाला.

"मले नागपूर तरी कुठी मालूम होतं," सीताबाई म्हणाल्या.

"आणि कार्डं?" दीपिकाने विचारलं. ती एकटीच अजून कागदापाशी होती. "सीमेवर अडवलं तर?"

सीताबाईंनी आपलं कार्ड आणि जावेचं कार्ड सुपात शेजारी ठेवलं. "दोन कार्डं हायेत, दोन बाया हायेत. नावं दोन्ही खरी, चेहरे दोन्ही खरे. आमी दोघी संगं उभ्या राहू आन् रोवण्यापासून सगळं सांगू. त्यानं ऐकून घ्यावं. अर्धा दिवस लागला तर लागला, आमाले कुठी घाई हाय?"

"खोटं काही सांगायचं नाही," दीपिका म्हणाली.

"खोटं सांगून अकरा वर्षं पाह्यलं, बेटा."

दीपिकाने थोडा विचार केला. फॉर्म आजच भरून त्याची पावती सोबत देता येईल. दोघींचे आधार देता येतील. वॉर्डाच्या विहाराचं पत्र आणता येईल. तरी माणूस नाही म्हणाला, तर दोघी कमानीपासून परत येतील. तिने तसं स्पष्ट सांगितलं.

"नाई म्हणाला तर कमानीपाशी बसून हात जोडीन," रुख्माबाई म्हणाल्या. "तिथवर तर माह्या पायानं गेलेली राहीन."

मग कोणी वाद घातला नाही. दीपिका पायरीवर बसली आणि मोबाइलवर जबलपूर-गोरखपूर गाडी शोधू लागली. समीक्षाने फरशीवरचा विमानाचा रस्ता आणि जीपचा रस्ता हाताने पुसला. सुनौलीजवळ तिने दोन लहान बाया काढल्या, एकीला काठी दिली, आणि कोणती कोण हे विचारलं तर सांगितलं नाही.

"खालच्या दोन्ही बर्थ मिळतात," दीपिका म्हणाली. "अठराला निघायचं. जबलपूरपर्यंत पवन गाडीने सोडेल."

"बकरी उतरवून," लोकेश म्हणाला. पवनने मान हलवली. एवढं तरी काम आपल्या वाट्याला आलं, म्हणून तो खूश दिसत होता.

सुखराम टाकीपाशीच उभे होते. त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी, फलाट, गर्दी, बदलायच्या बसचा स्टँड, सगळं येत होतं. त्यांना खूप काही सांगायचं होतं: पुढच्या दाराने चढावं, पिशवी मांडीवर ठेवावी, उतरताना चालकाला आधी सांगावं. त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. आपल्याला आज गप्प राहावं लागणार, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

"येतानाचं कोणत्या तारखेचं काढू?" दीपिकाने विचारलं.

दोघी जावा एकमेकींकडे पाहू लागल्या. सीताबाईंच्या मनात परभणीच्या बायांचा पत्ता होता की नव्हता, कोणास ठाऊक. रुख्माबाईंच्या चेहऱ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नव्हता. तो काढायला प्रवासातले दोन दिवस हाताशी होते.

"ते राहू दे आत्ता," रुख्माबाई म्हणाल्या.

"आई, पाच तारखेला ऑपरेशन आहे."

"गुडघे हिचे हायेत," सीताबाई सूप परत मांडीवर घेत म्हणाल्या. "डॉक्टर थांबंल."